बेगमपेठच्या काचा : निजामिया वेधशाळेचा इतिहास, आणि त्यातून निघालेले विदर्भातले दोन-तीन दुवे

मापक (धंतोली, नागपूर)

नागपूरहून हैदराबादच्या रस्त्याला लागले की वर्ध्याच्या खाली हिंगणघाट लागते. त्रिकोणमितीय सर्वेक्षणाचा पाया घालणारे विल्यम लॅम्बटन याच वाटेवर, हैदराबादहून नागपूरकडे येत असताना, २० जानेवारी १८२३ रोजी हिंगणघाटला वारले. १८०२ साली मद्रासला सुरू केलेली जमिनीची मोजणी त्यांनी वीस वर्षे उत्तरेकडे नेली होती. गेले काही महिने मी ज्या वेधशाळेबद्दल वाचतो आहे, तिने पुढच्या शतकात त्याच हैदराबादेत आकाशाची मोजणी तितक्याच चिकाटीने केली. म्हणून लिहायला घेतल्यावर पहिली आठवण हिंगणघाटची झाली.

उस्मानिया विद्यापीठाच्या निजामिया वेधशाळेची सुरुवात विद्यापीठात झालेली नाही, कारण ती सुरू झाली तेव्हा विद्यापीठच नव्हते. इंग्लंडमध्ये शिकून आलेले हैदराबादचे एक सरदार, नवाब जफर जंग, यांनी १९०१ साली डब्लिनच्या ग्रब यांच्याकडून १५ इंची भिंगाची दुर्बीण मागवली आणि शहरातील फिसलबंडा येथील आपल्या जागेत वेधशाळा थाटण्याचे ठरवले. १९०७ मध्ये ते निवर्तले. पुढच्या वर्षी निजाम सरकारने ती सारी सामग्री ताब्यात घेतली, आर्थर चॅटवुड यांना पहिले संचालक नेमले, आणि वेधशाळा बेगमपेठला हलवण्यात आली.

इथपर्यंतची हकीकत एका हौशी श्रीमंताची आहे. तिला वळण मिळाले ते दुसऱ्या, आकाराने लहान असलेल्या यंत्रामुळे. कुक कंपनीचा ८ इंची छायाचित्रण-दूरदर्शक वेधशाळेत होता आणि त्याच्या बळावर हैदराबादने एका आंतरराष्ट्रीय कामात उडी घेतली. १८८७ साली पॅरिसच्या परिषदेत असे ठरले होते की, जगभरच्या वेधशाळांनी आकाशाचे आडवे पट्टे आपसांत वाटून घ्यावेत, प्रत्येक पट्ट्याची काचेच्या प्लेटांवर छायाचित्रे घ्यावीत आणि सुमारे अकराव्या प्रतीपर्यंतच्या (प्रत म्हणजे तेजस्वितेचे माप) प्रत्येक ताऱ्याचे स्थान मोजून छापावे. आकाशातल्या विषुववृत्ताच्या दक्षिणेला १७ ते २३ अंशांचा पट्टा चिलीतील सॅंतियागोकडे होता. तिकडून काम होईना, तेव्हा तो हैदराबादकडे आला.

हा पट्टा आपल्याकडून किती सोयीचा आहे, हे कागदावर करून पाहण्यासारखे आहे. हैदराबादचे अक्षांश साधारण १७.४. दक्षिण २० अंशांवरचा तारा मध्यमंडलावर, म्हणजे आपल्या सर्वांत उंच जागी, येतो तेव्हा तिथे क्षितिजापासून साडेबावन्न अंश वर असतो, आपल्या नागपुरात जवळजवळ एकोणपन्नास अंश. तोच तारा ग्रिनिचहून पाहिला तर साडेअठरा अंशांवर, म्हणजे धुके आणि धूर यांच्यात. युरोपला जे नीट दिसत नव्हते ते मोजण्याचे काम हैदराबादने अंगावर घेतले.

१९१४ साली ऑक्सफर्डहून आलेले रॉबर्ट पोकॉक संचालक झाले आणि काम धडाक्याने सुरू झाले. १९१८ मध्ये ते वारले. त्यांच्या जागी टी. पी. भास्करन आले, ते थेट १९४४ पर्यंत. वेधशाळेचे ते पहिले भारतीय संचालक. १९१९ मध्ये, उस्मानिया विद्यापीठ स्थापन झाल्यावर वर्षभरातच, वेधशाळा विद्यापीठाकडे सोपवण्यात आली. आपला दक्षिणेचा पट्टा हातावेगळा करत आणल्यावर भास्करन यांनी उत्तरेकडचा ३६ ते ३९ अंशांचा पट्टाही घेतला, जो मूळचा जर्मनीतील पॉट्सडॅमच्या वाट्याचा होता. दोन्ही मिळून बारा खंड निघाले आणि त्यांत सात लाखांहून अधिक ताऱ्यांची मोजलेली स्थाने आहेत.

माझे म्हणणे एवढेच आहे की, या वेधशाळेचा इतिहास सांगताना सगळे दुर्बिणींची मापे सांगतात, पण तिचे खरे काम दुर्बिणीपाशी झालेच नाही. ते दिवसा झाले, टेबलापाशी, सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून. संचालकांची नावे आपल्याला ठाऊक आहेत. सात लाख आकडे ज्यांनी लिहिले त्यांची नावे कोणी घेत नाही.

धरमपेठी

लेख आवडला, तरी एक आक्षेप नोंदवतो. १९०१ साली घेतलेली १५ इंची दुर्बीण प्रत्यक्ष कामाला लागली १९२२ साली, असे मी वाचले आहे. एकवीस वर्षे एवढे मोठे भिंग पडून राहावे, ही काही भूषणाची गोष्ट नव्हे. दुसरे असे की, तारे मोजण्याच्या त्या प्रकल्पाबद्दल खुद्द खगोलशास्त्राचे इतिहासकार फारसे चांगले बोलत नाहीत. अमेरिकेतल्या वेधशाळा त्यात पडल्या नाहीत, त्यांनी वर्णपटाच्या (ताऱ्याच्या प्रकाशाचे रंग वेगळे करून मिळणाऱ्या पट्ट्याच्या) मागे लागून ताऱ्यांचे भौतिकशास्त्र उभे केले. युरोपातल्या अनेक वेधशाळा मात्र पिढ्यान्पिढ्या प्लेटा मोजत बसल्या. आपण ज्याला चिकाटी म्हणता, त्याला कुणी खर्डेघाशी म्हटले तर काय उत्तर द्याल?

मापक

१९२२ सालाबद्दल आपले म्हणणे बरोबर आहे आणि त्याचे समर्थन मी करणार नाही. यंत्र विकत घेणे सोपे असते. त्यासाठी फिरता घुमट, घडीयंत्र, पक्का पाया आणि रोज रात्री उभा राहणारा माणूस यांची सोय लावणे अवघड असते, आणि नवाबसाहेबांच्या मागे ती लावणारा कोणी उरला नव्हता. पुढे त्या दुर्बिणीवर रूपविकारी (तेज बदलणारे) तारे आणि चंद्राकडून होणारी ताऱ्यांची पिधाने (तारे चंद्राआड जाणे) यांचे वेध नियमित घेतले गेले, एवढे तिच्या बाजूने सांगता येईल.

खर्डेघाशीच्या मुद्द्यावर माझे मत आपल्याहून वेगळे आहे, पण त्याआधी हे काम कसे चालत असे ते कोणी अनुभवाने सांगितले तर बरे होईल. शततारका मॅडम या धाग्यावर असतात. त्यांनी लिहावे अशी विनंती आहे.

शततारका

विनंतीबद्दल आभार, मापक सर. खगोलीय प्लेट मी मोजलेली नाही, पण बत्तीस वर्षे महाविद्यालयात भौतिकशास्त्राचे प्रात्यक्षिक शिकवल्यामुळे त्या कामाची जवळची बहीण मला ठाऊक आहे. बी. एस्सी.च्या प्रयोगशाळेत ट्रॅव्हलिंग मायक्रोस्कोप असतो. त्याचे लघुत्तम माप, म्हणजे वाचता येणारे सर्वांत लहान अंतर, ०.०१ मिलिमीटर. वर्तुळे मोजण्याच्या प्रयोगात मुले फुलीची तार एका कडेला आणतात, व्हर्नियरची बारीक मोजपट्टी वाचतात, मग दुसऱ्या कडेला नेतात. साधारण विसाव्या वाचनाला डोळ्यांत पाणी येते. चाळिसाव्याला हात आपोआप स्क्रू पुढे नेतो आणि मागे फिरवतो, त्यामुळे आट्यांतील ढिलाई वाचनात शिरते आणि आकडा बिघडतो. स्क्रू नेहमी एकाच दिशेने फिरवत आणायचा, ही सूचना मी किती वेळा दिली असेल याची मोजदाद नाही.

आता हे त्या प्लेटांना लावून पाहा. त्या प्रकल्पात एक मिलिमीटर म्हणजे आकाशातला एक कलामिनिट (अंशाचा साठावा भाग), असे प्रमाण ठरलेले होते. प्लेटवर छायाचित्राबरोबरच पाच-पाच मिलिमीटरांच्या चौकटींची बारीक जाळी उमटवलेली असे, म्हणजे काच किंवा तिच्यावरचा थर थोडा ताणला गेला तरी तारा कुठल्या चौकटीत कुठे आहे ते बिनचूक सांगता यावे. मोजणारा माणूस एकेक चौकट घेणार, तीतील प्रत्येक काळ्या ठिपक्याचे आडवे आणि उभे अंतर वाचणार, ठिपक्याच्या आकारावरून तेजस्वितेचा अंदाज करणार, आणि शेजारी बसलेला तो आकडा वहीत उतरवणार. आमच्या प्रयोगशाळेतला ०.०१ मिलिमीटर त्या प्लेटवर ०.६ कलासेकंद (कलामिनिटाचा साठावा भाग म्हणजे कलासेकंद) होतो. हे सात लाख वेळा. मी तरी याला खर्डेघाशी म्हणणार नाही.

जाता जाता एक कडू आठवण लिहिते. आमच्या विभागात एक जुनी पितळी दुर्बीण होती आणि तिच्याबरोबर निरीक्षणांच्या तीन वह्या, निळ्या शाईतल्या, बहुधा माझ्या जन्माआधीच्या. एका उन्हाळी सुट्टीत जडवस्तू-नोंदवहीची तपासणी झाली, दुर्बीण निर्लेखित ठरून भंगारात गेली. पितळेला किंमत आली म्हणून तिची निदान पावती तरी झाली. वह्यांना ती मिळाली नाही, कारण त्या नोंदवहीत कधी चढवलेल्याच नव्हत्या. दुर्बिणीचे मला फारसे वाईट वाटले नाही, तशी दुसरी घेता आली असती.

सदाशिव ते सीताबर्डी

वर्णपटाचा मुद्दा निघालाच आहे तर पुण्याची गोष्ट सांगायला हवी, कारण आपल्या भाषिक प्रदेशात ताऱ्यांच्या भौतिकशास्त्राची वेधशाळा निजामियाच्याही आधी होऊन गेली आणि ती आता पुणेकरांच्याही लक्षात नाही. (मी पुणेकर असल्यामुळे हे म्हणण्याचा मला अधिकार आहे.)

कावसजी दादाभाई नाएगमवाला हे मुंबईच्या एल्फिन्स्टन महाविद्यालयात होते. भावनगरचे महाराज तख्तसिंहजी यांनी १८८२ साली तिथे वर्णपट-प्रयोगशाळा व्हावी म्हणून पाच हजार रुपये दिले आणि मुंबई सरकारने तितकेच घातले. नाएगमवाला १८८४ मध्ये इंग्लंडला गेले, तिथल्या ज्योतिर्विदांशी बोलले आणि प्रयोगशाळेऐवजी वेधशाळाच उभारावी असे ठरवून परतले. पुण्याच्या सायन्स कॉलेजात, म्हणजे आजच्या सीओईपी या अभियांत्रिकी संस्थेत, १८८८ साली महाराजा तख्तसिंहजी वेधशाळा उभी राहिली. तिथला ग्रब यांचा २० इंची परावर्ती दूरदर्शक त्या काळी भारतातला सर्वांत मोठा होता.

मृगातल्या तेजोमेघाच्या वर्णपटाबद्दल ब्रिटिश ज्योतिर्विद नॉर्मन लॉकियर यांचे एक आवडते मत होते, त्यानुसार मुख्य रेषा धूसर असायला हवी होती. नाएगमवाला यांनी १८९१ मध्ये पुण्याहून ती पाहिली आणि ती सगळ्या परिस्थितीत रेखीव दिसते असे कळवले. ज्यांच्या सल्ल्याने वेधशाळा उभारली, त्यांच्याच मताविरुद्ध निरीक्षण छापायला धैर्य लागते.

मात्र धरमपेठी यांना या गोष्टीचा शेवट आवडणार नाही. १९१२ साली नाएगमवाला निवृत्त झाले आणि वेधशाळा बंद केली गेली. सामग्री तमिळनाडूतील कोडाईकनालच्या वेधशाळेला रवाना झाली. २० इंची दूरदर्शक तिथे पुन्हा उभा राहायला १९५१ साल उजाडले. निजामियाची एकवीस वर्षे आपल्याला खटकली, इथे एकोणचाळीस आहेत. पुण्याची वेधशाळा एका माणसाची होती, तो उठला आणि दिवा विझला. हैदराबादेत पोकॉक ऐन कामात गेले, तरी प्लेटा पुढे मोजल्या गेल्या. हा फरक कशामुळे पडला, याचा विचार व्हावा.

पुलगावचा फलाट

फार दिवसांनी लिहितो आहे. नाएगमवाला यांचे नाव वाचून राहवले नाही. २२ जानेवारी १८९८ च्या खग्रास सूर्यग्रहणाचा पट्टा कोकण किनाऱ्यावरून, सोलापूर जिल्ह्यातून आणि मग आमच्या वऱ्हाड-वर्ध्याच्या अंगावरून गेला. लॉकियर विजयदुर्गला उतरले. नाएगमवाला यांनी आपली सामग्री जेऊरला लावली, अमेरिकेच्या लिक वेधशाळेचे कॅम्पबेलही तिथेच होते. आणि पुलगावला कॅप्टन हिल्स आणि केंब्रिजचे न्यूअल वर्णपटमापक घेऊन आले होते.

पुलगाव सोडून गाडी बडनेऱ्याकडे निघाली की पुढचे लहानसे स्थानक तळणी. सुपरफास्ट गाड्या तिथे शिट्टी मारून जातात. त्या तळणीला ब्रिटिश खगोल संघटनेची मंडळी तंबू ठोकून होती. त्यांच्यात ग्रिनिचचे वॉल्टर मॉन्डर आणि त्यांच्या पत्नी अ‍ॅनी मॉन्डर होत्या. अ‍ॅनीबाईंकडे दीड इंची भिंगाचा लहानसा कॅमेरा होता आणि त्यावर त्यांनी प्रभामंडलाचा (ग्रहणात सूर्याभोवती दिसणाऱ्या तेजाचा) एक असा लांब किरण टिपला, जो तोपर्यंत कुणाच्याही प्लेटवर आलेला नव्हता. याच तुकडीतले जॉन एव्हरशेड पुढे कोडाईकनालला आले आणि १९०९ मध्ये त्यांनी लावलेला सौर डागांतील वायूच्या प्रवाहाचा शोध त्यांच्या नावाने ओळखला जातो. खग्रास स्थिती दोन मिनिटांच्या आत-बाहेर. तेवढ्यासाठी ही माणसे समुद्र ओलांडून, मुंबईत प्लेग चालू असताना, तळणीच्या शेतात येऊन बसली होती.

माझे वडील रेल्वेत होते, आम्ही स्थानकामागच्या चाळीत वाढलो. फलाटावर यातल्या कशाचीही पाटी नव्हती. मला हे कळले तेव्हा मी पन्नाशी ओलांडली होती.

नवखा निरीक्षक

सर्वांना नमस्कार. माझा प्रश्न कदाचित बाळबोध वाटेल. आता उपग्रहांनी ताऱ्यांची स्थाने इतकी अचूक मोजली आहेत, तर शंभर वर्षांपूर्वी डोळ्यांनी मोजलेल्या त्या बारा खंडांचा आज काही उपयोग आहे का? की ते केवळ इतिहास म्हणून जपायचे?

मापक

आपला प्रश्न बाळबोध मुळीच नाही. धरमपेठी यांना द्यायचे उत्तर मी याच प्रश्नासाठी राखून ठेवले होते.

हिप्पार्कोस उपग्रह १९८९ साली सोडला गेला आणि १९९३ पर्यंत त्याने काम केले. त्याने ताऱ्यांची स्थाने उत्तम मोजली, पण तारा कोणत्या दिशेला किती सरकतो हे काढायचे तर दोन स्थाने लागतात आणि त्यांच्यामध्ये शक्य तितका मोठा काळ लागतो. तीन-चार वर्षांचा काळ त्याला तोकडा पडतो. अचूकतेची भरपाई पैशाने करता येते, काळाची करता येत नाही. म्हणून १९९० च्या दशकात अमेरिकेच्या नौदल वेधशाळेने त्या जुन्या प्रकल्पाचे सगळे छापील आकडे संगणकात भरून नव्याने सोडवले. याच उपग्रहाच्या मोजणीवरून २००० साली प्रसिद्ध झालेल्या टायको-२ या सूचीत सुमारे पंचवीस लाख तारे आहेत, आणि त्यांच्या गती काढताना जुन्या काळाचे मुख्य टोक म्हणून हीच छायाचित्रीय सूची वापरली आहे. तीत हैदराबादचे दोन्ही पट्टे आहेत.

एक उदाहरण करून पाहू. एखादा तारा वर्षाला ०.०३ कलासेकंद सरकतो असे धरा. हैदराबादची प्लेट आणि उपग्रह यांच्यात ७० वर्षे गेली, तर तो २.१ कलासेकंद सरकला. प्लेटच्या प्रमाणात हे ०.०३५ मिलिमीटर होतात. शततारका मॅडमच्या मायक्रोस्कोपवर साडेतीन भाग. बेगमपेठला मोजणाऱ्याने त्या दिवशी कंटाळून स्क्रू उलटा फिरवला असता, तर हा तारा आज आपल्याला भलत्याच दिशेला चाललेला दिसला असता.

धरमपेठी, अमेरिकेच्या वेधशाळांनी वर्णपटाच्या मागे जाऊन योग्यच केले. पण त्यांच्याकडे १९१४ साल नव्हते, ते हैदराबादेत साठवले गेले होते.

धरमपेठी

खर्डेघाशी हा शब्द मागे घेतो. एकवीस वर्षांचा आक्षेप मात्र तसाच ठेवतो.

दक्षिण एक्सप्रेस

मूळचा नागपूरचा, नोकरीनिमित्त हैदराबादला वीस वर्षे काढली, आता पुन्हा प्रतापनगरला. मापक सरांची गोष्ट १९४४ ला थांबली आहे, ती थोडी पुढे नेतो.

त्या वेधशाळेत मनाली बाप्पू नावाचे सहायक होते. त्यांचा मुलगा वैणू, जन्म १९२७, त्या आवारात लहानाचा मोठा झाला. नावे कुणी घेत नाही असे सर म्हणतात, त्यातले निदान हे एक नाव मुलामुळे उरले. वैणू बाप्पू हार्वर्डला शिकायला गेले आणि १९४९ साली त्यांना एका प्लेटवर नवा धूमकेतू सापडला. त्याला बाप्पू-बोक-न्यूकर्क हे नाव मिळाले. प्लेट न्याहाळण्याची नजर घरातूनच आली असावी, असे मला वाटते. १९६० मध्ये ते कोडाईकनालचे संचालक झाले, म्हणजे पुण्याचा तो २० इंची दूरदर्शक अखेर बेगमपेठच्या आवारात वाढलेल्या माणसाच्या हाताखाली आला.

भास्करन यांच्यानंतर अकबर अली संचालक झाले आणि त्यांनी ४८ इंची दूरदर्शकाचा ध्यास घेतला. बेगमपेठला विमानतळ झाला होता, शहर वाढत होते, आकाश उजळत होते. यंत्र प्रत्यक्ष उभे राहिले ते १९६८ मध्ये, शहरापासून पन्नासएक किलोमीटरवर जपाल-रंगापूर येथे, आणि तेव्हा संचालक होते कृष्ण दामोदर अभ्यंकर. १९६३ पासून त्यांनी विभाग सांभाळला, त्यांच्याच काळात विद्यापीठ अनुदान आयोगाचे प्रगत अध्ययन केंद्र तिथे आले. विद्यापीठाकडे वेधशाळा असण्याचा खरा फायदा मला इथे दिसतो. पट्टा मोजून झाल्यावर काम संपले नाही, कारण दर जूनमध्ये नवे विद्यार्थी दाराशी येत होते.

१६ फेब्रुवारी १९८० चे खग्रास ग्रहण रंगापूरवरून गेले. नागपुरात ते खंडग्रास होते. मी तेव्हा सातवीत होतो, आईने खिडक्यांना चादरी लावल्या होत्या आणि दुपारी आमच्या गल्लीत कुत्रेदेखील दिसत नव्हते. त्याच दुपारी रंगापूरला देशोदेशीचे लोक आभाळाकडे तोंड करून उभे होते, हे मला हैदराबादला गेल्यावर समजले.

शततारका

दक्षिण एक्सप्रेस, आपला प्रतिसाद वाचून एक कल्पना सुचली. रामन विज्ञान केंद्रात मुलांना तारांगण दाखवतातच, पण मोजायला कोणी शिकवत नाही. माझ्याकडे स्वतः विकत घेतलेला जुना ट्रॅव्हलिंग मायक्रोस्कोप आहे, त्याचा स्क्रू अजून घट्ट आहे. रामटेकला कोणी कृत्तिकांचे छायाचित्र घेतले, तर त्याची पारदर्शक प्रत काढून आपण निदान वीस तारे मोजू आणि सूचीशी ताडून पाहू.

मापक

अवश्य. अमावास्येच्या आधीचा शनिवार धरू. नवखा निरीक्षक, कॅमेरा आपला. वाचन मॅडम घेतील, वही मी लिहीन, आणि धरमपेठी यांनी प्रत्येक आकडा दुसऱ्यांदा वाचून दाखवावा, कारण आक्षेप घेणारा माणूस तपासणीला चांगला. वहीच्या पहिल्या पानावर सगळ्यांची नावे आणि तारीख घालू.

पुलगावचा फलाट

मीही येतो. पहाटेच्या पॅसेंजरने निघालो तर नऊपर्यंत नागपूर. वही कापडी बांधणीची आणा, पिन मारलेली टिकत नाही.